हातात धरायचं विजेचं ड्रिल: पहिलं कोणाचं, आणि हातात मावलं कसं?

खटपट्या

पहिलं इलेक्ट्रिक ड्रिल कोणी केलं, असं विचारलं की तीन उत्तरं येतात: मेलबर्न १८८९, श्टुटगार्ट १८९५, बाल्टिमोर १९१७. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. ते आधी सुटं करून ठेवतो.

मेलबर्नला आर्थर जेम्स अर्नॉट आणि विल्यम ब्लँच ब्रेन या दोघांनी २० ऑगस्ट १८८९ रोजी इलेक्ट्रिक ड्रिलचं पेटंट घेतलं. ते खडक फोडायला आणि कोळसा खणायला होतं. एका माणसाने उचलून पत्र्याला भोक पाडायचं हत्यार ते नव्हे.

श्टुटगार्टच्या फाइन कंपनीचं १८९५चं यंत्र मात्र खरोखर हातातलं. विल्हेल्म एमिल फाइन याने १८६७ मध्ये कार्ल्सरूहला कारखाना काढला आणि तो लवकरच श्टुटगार्टला हलवला. ड्रिल मुलाच्या, एमिल फाइनच्या, काळात झालं. डीसी मोटर, दोन बाजूंना दोन मुठी, मागे छातीने रेटायची पट्टी आणि वजन सुमारे साडेसात किलो. चालायचं, पण पिस्तुलासारखं एका हाताने उचलून घोडा ओढावा असलं काही त्यात नव्हतं.

तो घोडा आणला एस. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांनी. दोघांनी १९१० मध्ये प्रत्येकी ६०० डॉलर घालून बाल्टिमोरला दुकान थाटलं. ब्लॅकने त्यासाठी आपली मोटारगाडी विकली. सुरुवातीची काही वर्षं ते दुसऱ्यांसाठी यंत्रं बनवत: बाटल्यांची झाकणं करायचं, चॉकलेटात गोळ्या बुडवायचं, असली. ड्रिलच्या पेटंटचा अर्ज १९१४चा, मंजुरी ६ नोव्हेंबर १९१७ची, अमेरिकन क्रमांक १२,४५,८६०. त्याच सुमारास बाल्टिमोरशेजारी टाउसनला कारखाना उभा राहिला. पिस्तुलाची मूठ आणि तिच्यात बोटाने दाबायचा स्वीच, हा त्या पेटंटचा गाभा. 'ब्लॅक अँड डेकरने इलेक्ट्रिक ड्रिलचा शोध लावला' हे वाक्य म्हणून चुकीचं. त्यांनी लावला तो ड्रिल बंद करण्याचा शोध, असं म्हटलं तर जास्त बरोबर ठरेल.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. १८९५ ते १९२० या काळात ड्रिल हलकं झालं ते मोटरचा वेग वाढवून गिअरने उतरवल्यामुळे. बाकी सगळं त्याच्या मागून आलं. पटतंय का?

---

आर्मेचरवाला

पटतं, आकडे घालून दाखवतो.

मोटरचा आकार ठरतो तिच्या टॉर्कवर, म्हणजे पिळायच्या जोरावर. किती वॅट हा प्रश्न त्यानंतरचा. रोटरचा व्यास वर्ग गुणिले लांबी, म्हणजे ढोबळमानाने त्याचं घनफळ, हे टॉर्कच्या प्रमाणात वाढतं.

४०० वॅट आउटपुट हवं असेल तर:
मिनिटाला १,५०० फेऱ्यांना टॉर्क साधारण २.५ न्यूटन-मीटर.
१०,००० फेऱ्यांना ०.३८ न्यूटन-मीटर.

म्हणजे तेवढ्याच ताकदीला रोटर सहा-सात पट लहान. तांबं, लोखंड, बॉडी, सगळंच त्या हिशेबाने उतरतं. गिअरबॉक्सचं वजन वाढतं, पण दोन टप्प्यांची गिअरबॉक्स म्हणजे मूठभर चाकं. एका टप्प्यात साडेचारास एक, दोन टप्प्यांत सुमारे वीसास एक. १०,००० फेऱ्यांची मोटर, स्पिंडलला ५००. अर्ध्या इंची ड्रिलला हेच हवं.

एवढ्या वेगाला आर्मेचरचा, म्हणजे वायंडिंग केलेल्या रोटरचा, तोल सांभाळावा लागतो, वायंडिंग बाहेर फेकलं जाऊ नये म्हणून दोऱ्याने बांधून वार्निशात मुरवावं लागतं, आणि बेअरिंग चांगलं लागतं. पितळी बुशवर १०,००० फेऱ्या काढायच्या तर तेल सतत हवं, आणि हातातलं हत्यार उलटंपालटं होतं तेव्हा तेल खाली गळतं. म्हणून ग्रीस भरलेलं बॉल बेअरिंग आल्यावरच हे गणित रोजच्या कामात बसलं.

---

नवशिक्या_सुतार

इंडक्शन मोटर का नाही वापरली? ती तर जास्त टिकाऊ, कार्बनची (ब्रशची) कटकट नाही.

---

आर्मेचरवाला

५० सायकलवर (हर्ट्झवर) दोन पोलची इंडक्शन मोटर ३,००० फेऱ्यांच्या वर जातच नाही, ६० सायकलवर ३,६००. वर दिलेल्या हिशेबाने ती जड होणार. शिवाय सिंगल फेजवर तिला सुरू व्हायला वेगळं वायंडिंग लागतं, आणि डीसीवर ती चालत नाहीच.

एक पळवाट होती: वीजच जास्त सायकलची करायची. २०० सायकलला दोन पोलची मोटर १२,०००ला जाते. अमेरिकेत मोटारगाड्यांच्या कारखान्यांत १८० सायकलची थ्री फेज लाइन टाकून तसली हत्यारं चालवत, म्हणजे १०,८०० फेऱ्या. ब्रश नाहीत, लोड आला तरी वेग फारसा पडत नाही, दिवसभर रगडा. पण त्यासाठी वेगळा जनरेटर सेट आणि वेगळी वायरिंग. कारखान्याची भिंत ओलांडली की हत्यार निकामी.

---

भाता_ऐरण

त्या काळात सप्लायचा जो सावळागोंधळ होता, तो लक्षात घेतल्याशिवाय युनिव्हर्सल मोटरचं महत्त्व कळत नाही. एका गावात डीसी, शेजारच्या गावात २५ सायकल, तिसरीकडे ६०. आपल्याकडेही कोलकात्याच्या जुन्या भागात डीसी कित्येक दशकं टिकून होता. हत्यार विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला काय द्यायचं?

युनिव्हर्सल म्हणजे मुळात सिरीज मोटर. तिच्यात फिल्ड (बाहेरचं स्थिर वायंडिंग) आणि आर्मेचर एकामागे एक जोडलेले असतात. करंटची दिशा उलटली तर दोन्हींची एकदम उलटते, म्हणून फिरण्याची दिशा तीच राहते. एसी-डीसी दोन्ही चालतं. जुन्या ड्रिलच्या नेमप्लेटवर 'एसी/डीसी' छापलेलं दिसतं ते यासाठी.

मात्र डीसीची सिरीज मोटर उचलून तशीच एसीला लावली तर ती तापून मरते. तीन बदल लागतात:

पहिला, फिल्डचा गाभा अख्ख्या लोखंडाचा चालत नाही. पातळ पत्र्यांच्या चकत्या रचून करावा लागतो, नाहीतर एडी करंटने तापतो.

दुसरा, फिल्डचे वेढे कमी आणि आर्मेचरचे जास्त. एसीला फिल्डची रिअ‍ॅक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा होणारा विरोध) व्होल्टेज खाते.

तिसरा ठिणग्यांचा. ब्रशखाली ज्या क्षणी कम्युटेटरचे (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या कड्याचे) दोन सेगमेंट जोडले जातात, त्या क्षणी त्यांच्यातली कॉइल शॉर्ट असते, आणि एसी फिल्ड तिच्यात ट्रान्सफॉर्मरसारखा करंट उठवतं. म्हणून प्रत्येक कॉइलला वेढे थोडे, कम्युटेटरला सेगमेंट जास्त, आणि ब्रश कडक, जास्त रेझिस्टन्सचा.

---

दुहेरी_पाना

स्वीचबद्दल खटपट्या यांनी एका वाक्यात आटोपलंय, तिथे थोडं थांबू या.

आधीच्या ड्रिलवर स्वीच मोटरच्या अंगावर असे. ड्रिल अडकलं की तो बंद करायला एक हात मुठीवरून काढावा लागे, म्हणजे नेमका धरायच्या वेळी हात मोकळा. अर्ध्या इंची ड्रिल ३०० फेऱ्यांना ४०० वॅट देत असेल तर स्पिंडलवर १२-१३ न्यूटन-मीटर. ते दोन हातांनी सहज धरता येतं. पण सिरीज मोटर जाम झाली की तिचा टॉर्क चौपट-पाचपट चढतो, शिवाय १०,०००ने फिरणाऱ्या आर्मेचरची सगळी ऊर्जा गिअरमधून एकदम मनगटावर येते. पन्नासेक न्यूटन-मीटर धरा. मुठी एकमेकींपासून ४० सेंटिमीटरवर असल्या तरी प्रत्येक हातावर बारा-तेरा किलोचा हिसका, आणि तोही सावध नसताना.

मुठीतला घोडा सोडला की वीज गेली. बोट आपोआप सुटतं, विचार करावा लागत नाही.

आता आतला भाग. २२० व्होल्ट डीसीचा करंट तोडताना जी ज्योत उठते ती आपणहून विझत नाही, कारण डीसी शून्यातून जातच नाही. मोटर इंडक्टिव्ह असल्यामुळे ज्योत आणखी लांबते. बोटाने हळूहळू उघडणारा संपर्क काही दिवसांत जळणार. म्हणून घोड्यामागे झटका देणारी स्प्रिंग: बोट कितीही हळू सोडा, ठरावीक जागी आलं की पत्ती फाटकन उडते. आजचा '२५० व्होल्ट एसी'चा स्वीच जुन्या डीसी सप्लायवर लावायचा नाही, तो याच कारणाने.

---

सह्यकडा

भोक पाडणाऱ्या बिटचाही वाटा मोठा आहे. स्टीफन मॉर्सच्या ट्विस्ट ड्रिलचं पेटंट १८६३चं, पण पोलाद साधं कार्बनचं. ते लाल व्हायच्या खूप आधी मऊ पडतं. माइल्ड स्टीलमध्ये त्याला मिनिटाला १० मीटरच्या आसपास कटिंग स्पीड झेपतो, म्हणजे १३ मिलिमीटरच्या बिटला जेमतेम २४५ फेऱ्या. टेलर आणि व्हाइट यांनी १९०० च्या आसपास बेथलेहेम स्टीलमध्ये हायस्पीड स्टीलची उष्णता-प्रक्रिया बसवली आणि तोच बिट २५ मीटरला चालू लागला: ६०० फेऱ्या. मोटर तीच ठेवून गिअर कमी उतरवायचं, भोक लवकर.

दुसरी वस्तू चक, म्हणजे बिट धरणारी पकड. आर्थर जेकब्स याचं दात असलेल्या चावीच्या चकचं पेटंट सप्टेंबर १९०२चं. त्याआधी पाना घालून चक आवळताना बोटं सोलून निघत. मोठ्या ड्रिलना मात्र चक नसे, सरळ मोर्स टेपर, म्हणजे बिटचं निमुळतं टोक घट्ट बसेल असं निमुळतं भोक. एक नंबर साधारण १४ मिलिमीटरपर्यंत, दोन नंबर २३पर्यंत. बिट काढायला खाचेत पाचर घालून हातोडीने हलकेच ठोकायची. जुनं ड्रिल घेताना टेपरच्या आत बोट फिरवून बघा. आत ओरखडे असतील तर बिट कधीतरी आत फिरलंय, आणि आता ते डगमगणार.

---

भाता_ऐरण

एक आक्षेप. हे सगळं वाचून वाटेल की वीज आली आणि बाकी सगळं मागे पडलं. तसं नव्हतं. बोटी, बॉयलर, पूल बांधणाऱ्यांकडे हवेवरची हत्यारं होती आणि ती विजेच्या ड्रिलपेक्षा हलकी होती. हवेचं ड्रिल जाम झालं तर नुसतं थांबतं, जळत नाही. पाण्यात भिजलं तरी शॉक नाही. रिव्हेट ठोकायला तर विजेकडे उत्तरच नव्हतं.

हवेचा तोटा कॉम्प्रेसर, होज आणि गळती. दोन माणसांच्या कामासाठी ते लटांबर कोण नेणार? वीज शिरली ती गॅरेजात, लोखंडी फर्निचरच्या दुकानात, वायरमनच्या पिशवीत.

---

खटपट्या

@भाता_ऐरण, मान्य. त्यात भर म्हणून वजनाचे आकडे. मिलवॉकीला ए. एच. पीटर्सन याने १९१८ मध्ये पाव इंची ड्रिल केलं, कंपनीच्या इतिहासानुसार हेन्री फोर्डच्या मागणीवरून. वजन ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. नाव होल-शूटर. १९२३ मध्ये कारखान्याला आग लागली, आणि १९२४ मध्ये ए. एफ. सीबर्ट याने ते काम घेऊन मिलवॉकी इलेक्ट्रिक टूल ही कंपनी काढली. फाइनच्या साडेसात किलोंपासून इथवर यायला २३ वर्षं लागली.

अर्धा इंची आणि पाव इंची यांची सरळ तुलना करू नका, हेही सांगून ठेवतो. चारपट धातू काढायचा असतो.

---

नवशिक्या_सुतार

लाकडाचं काय? सगळे लोखंडावरच बोलताय.

---

सह्यकडा

लाकडात दोन गोष्टी सांगण्यासारख्या.

एक, हातातली गोल करवत. न्यू ऑर्लिन्सला एडमंड मिशेल याने १९२१ च्या सुमारास ऊस तोडणारे मजूर कोयता चालवताना पाहिले आणि कोयत्याला छोटं गोल पातं बसवून मिल्कशेक ढवळायच्या यंत्राची मोटर लावली. त्यातून पुढे लाकूड कापायची करवत निघाली. जोसेफ सुलिव्हन हा पैसे घालणारा भागीदार मिळाला, १९२४ मध्ये मिशेल इलेक्ट्रिक हँडसॉ कंपनी निघाली आणि दोन वर्षांत तिचं नाव स्किलसॉ झालं. मॉडेल ७७ १९३७चं, त्याची घडण आजही अमेरिकेत विकली जाते.

तिच्यात वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्याने चाक फिरवणारा) आहे. मोटर पात्याला समांतर, लांबट, मागे. वर्म एकाच टप्प्यात वेग खूप उतरवतो, त्यामुळे पातं सावकाश पण ताकदीने फिरतं, ओल्या लाकडात अडत नाही. तोटा घसरणीचा: वर्मची दात-घासण जास्त, उष्णता जास्त, म्हणून गिअर तेलात बुडालेला ठेवावा लागतो. तेल कमी झालं की आधी कांस्याचं चाक झिजतं. जमिनीवर टोक वर करून ठेवली तर सील जुनं असल्यास तेल मोटरकडे उतरतं.

दुसरं झाडं कापायचं. श्टुटगार्टला आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेवरची चेनसॉ काढली. इतकी जड की दोन माणसं लागत. ही हातात धरायची म्हणणं धाडसाचंच. जंगलात वीज कुठून आणायची हा प्रश्न होताच, म्हणून लगेच पेट्रोलकडे वळणं आलं.

---

दुहेरी_पाना

जर्मनीतलंच अजून एक: बॉश. १९२८ मध्ये त्यांनी फोरफेक्स नावाचं केस कापायचं यंत्र आणलं, मोटर मुठीतच. मूठ म्हणजेच मोटरचं घर, ही कल्पना त्यांनी हत्यारांत नेली. १९३२ मध्ये बॉश हॅमर आला, काँक्रीटमध्ये फिरत-फिरत ठोकणारा. मुंबईच्या कुठल्याही साइटवर आज जो रोटरी हॅमर खडखडतो, त्याचा आजोबा हाच.

रोटरी हॅमरमध्ये ठोका गिअरने थेट दिला जात नाही. क्रँक एक पिस्टन पुढे-मागे करतो, पिस्टन आणि ठोकणाऱ्या वजनामध्ये हवेची उशी. उशी नसती तर प्रत्येक ठोका क्रँकच्या बेअरिंगवर परत आला असता. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) झिजली की हवा दाबली जात नाही: बिट फिरतं, आवाज येतो, ठोका मात्र पडत नाही. लोक तेव्हा आर्मेचर बदलतात. आधी ओ-रिंग बघा.

---

कोल्हापुरी_पाना

आपल्याकडचं कोणीच बोललं नाही. मुलुंडचं रॅलीवुल्फ आठवत असेल, त्यातलं वुल्फ हे लंडनच्या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीचं नाव. जुन्या वर्कशॉपमध्ये अजून अ‍ॅल्युमिनियम बॉडीची ती ड्रिलं चालू आहेत. नंतर शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स, म्हणजे केपीटी.

असलं जुनं अ‍ॅल्युमिनियमचं ड्रिल हाती आलं तर लगेच पिन घालून घोडा दाबू नये. क्रम असा:

१. केबल बघा. दोनच वायर असतील तर बॉडीला अर्थिंग नाही. तीन वायरची घालून हिरवी वायर बॉडीला स्क्रूने, रंग खरवडून.
२. ५०० व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन मोजायचं यंत्र) लावा, वायंडिंग ते बॉडी. २ मेगाओमच्या खाली आलं तर फिल्ड आणि आर्मेचर सुटं करून ८०-९० अंशाला काही तास वाळवा आणि पुन्हा मोजा. तरी चढलं नाही तर रिवाइंडिंग.
३. आर्मेचर ग्रोलरवर (शॉर्ट शोधायच्या चुंबकी यंत्रावर) ठेवून हॅकसॉ ब्लेड फिरवा. एखाद्या खाचेवर ब्लेड थरथरलं की तिथे शॉर्ट आहे.
४. कम्युटेटरवर ब्रशचा चर पडला असेल तर लेथवर ०.१ मिलिमीटरचा हलका कट. मग सेगमेंटमधला मायका अर्धा मिलिमीटर खाली घ्या. मायका तांब्यापेक्षा हळू झिजतो, वर राहिला की ब्रश त्यावर उड्या मारतो.
५. काचकागद वापरा, एमरी नको. एमरीचे कण तांब्यात रुततात आणि ब्रश खातात.
६. गिअरबॉक्सचं जुनं ग्रीस रॉकेलने धुवा, नवं अर्ध्यापर्यंतच भरा.

जुन्या अमेरिकन ११०-११५ व्होल्टच्या ड्रिलला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. युनिव्हर्सल मोटर आहे, ६० ऐवजी ५० सायकलने काही बिघडत नाही.

---

नवशिक्या_सुतार

अर्ध्यापर्यंतच का? जास्त ग्रीस म्हणजे जास्त चांगलं असं वाटायचं.

---

कोल्हापुरी_पाना

ठासून भरलं तर गिअर ते नुसतं घुसळत बसतात. तापतं, पातळ होतं, सीलमधून आर्मेचरच्या शाफ्टवरून पुढे सरकतं आणि पंख्याच्या हवेने सगळीकडे उडतं. कार्बनची भुकटी त्यात मिसळली की काळी राबडी सेगमेंटच्या मधल्या चरांत बसते, ती वीज वाहते, आणि कम्युटेटरवर गोल ठिणगीचं कडं दिसतं. लोक म्हणतात कार्बन गेले. नवे घालतात, चार दिवसांनी पुन्हा तेच.

---

खटपट्या

एक राहिलं: प्लग. अमेरिकेत सुरुवातीच्या बऱ्याच घरांत-दुकानांत भिंतीला सॉकेट नव्हतंच, वीज फक्त दिव्यासाठी. म्हणून हत्याराच्या वायरच्या टोकाला दिव्याच्या होल्डरमध्ये फिरवून बसवायचा स्क्रू प्लग असे. दिवा काढा, प्लग फिरवा. वायर पिळून जाई, आणि कोणी ओढली तर होल्डरच छताहून उपटे. हार्वी हबेलचा ओढून काढता येणारा प्लग १९०४चा: स्क्रूचा भाग होल्डरमध्येच राहतो, पाती असलेला भाग हातात येतो. घरगुती ड्रिल खपायला नंतर जी भिंतीतली सॉकेटं लागली, त्यांची सुरुवात इथून.

घरगुतीचा टप्पा १९४६चा. ब्लॅक अँड डेकरने 'होम युटिलिटी' नावाने पाव इंची ड्रिल घरच्या गिऱ्हाइकाला विकायला काढलं, किंमत १६ डॉलर ९५ सेंट. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत लाखो माणसं ड्रिल चालवायला शिकली होती, ती आता घरी परतलेली होती.

---

नवशिक्या_सुतार

शेवटचं विचारतो. आर्मेचर भरून आणलंय. गिअरबॉक्स जोडायच्या आधी मोटर नुसती चालवून बघितली तर चालेल का?

---

आर्मेचरवाला

पूर्ण व्होल्टेजवर नाही. सिरीज मोटरला लोड नसला की वेग चढत जातो. ड्रिलमध्ये गिअरची घासण आणि पंख्याची हवा तिला आवरते, गिअर काढल्यावर पंखा एकटा उरतो. नव्या वार्निशचं वायंडिंग त्यात बाहेर येऊ शकतं. १०० वॅटचा साधा, तारेचा दिवा सिरीजमध्ये घाला. मोटर हलकी फिरली आणि दिवा मंद राहिला तर ठीक. दिवा पूर्ण पेटला आणि मोटर गुरगुरत थांबली तर कुठेतरी शॉर्ट आहे, पुन्हा ग्रोलरवर न्या. ब्रशची स्प्रिंग दोन्हीकडे सारखी दाबते का, तेही त्याच वेळी बघून घ्या.